खालचं पेव

गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीचे तिघं तरुण सदस्य माझ्याकडे आले. नव्या सभागृहाच्या भिंतीवर गावातल्या जुन्या शेतकरी आंदोलनातल्या माणसांची नावं रंगवायची ठरली होती. कच्ची यादी त्यांनीच करून आणली होती, मी फक्त ती तपासून द्यायची. पहिलं नाव माझं होतं. जे नाव सगळ्यांच्या आधी हवं, ते यादीत कुठंच नव्हतं. मी विचारलं, तर त्यातला एकजण हसला.

"पेवफोड्याचं व्हय, तात्या? त्याचं कसं टाकायचं? गावाशी बेइमानी केलेला माणूस."

चाळीस वर्षांहून जास्त काळ मी हा शब्द ऐकतो आहे. भूकंपात जुनं गाव पडलं आणि आम्ही सास्तूरच्या अंगाला नव्या वसाहतीत आलो. घरं बदलली, शेजार बदलले, पण 'पेवफोड्याचं घर' हे नाव गावानं सामानाबरोबर इकडं आणलं. त्याच्या मुलांनी ते शाळेत ऐकलं. नातीच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी बैठकीत विचारलं, "ते पेवाचं काय हो?" ती सोयरीक तिथंच राहिली.

यादी मी ठेवून घेतली आणि त्यांना आठ दिवसांनी या म्हणालो. ते आठ दिवस मला हे लिहायला हवे होते.

त्याच्या आणि माझ्या शेताचा बांध एक. तो मेंढपाळाच्या घरातला. थोडं कोरडवाहू रान, थोडी मेंढरं. आमचं शेत त्याच्या कितीतरी पट. शिवाय मी मॅट्रिक झालेला, गावातले सगळे अर्ज माझ्या हातचे. ज्वारीच्या भावासाठी आंदोलन सुरू झालं तेव्हा गावच्या शाखेचा चिटणीस मीच होणार हे कुणी ठरवावं लागलंच नाही.

पहिली सभा खंडोबाच्या देवळापुढं झाली. मी चार पानांचं भाषण लिहून नेलं होतं. त्यात गल्लीपासून दिल्लीपर्यंत सगळं आलं होतं. दुसऱ्या पानाला मागच्या म्हाताऱ्यांनी चंची सोडून पान जुळवायला घेतलं. तिसऱ्या पानाला बायका उठल्या. मी खाली बसलो तेव्हा कुणीतरी गंमत म्हणून त्याला पुढं ढकललं. खांद्यावरचं घोंगडं सावरत तो उभा राहिला.

"माझ्या मेंढराचं गिऱ्हाईक दात बघतं, पाठ चाचपतं, मग मला इचारतं, काय म्हणतोस? म्या म्हणतो ती किंमत. पटलं तर घ्या, न्हाय तर पुढं व्हा. त्योच म्या जवारी घिऊन मोंढ्यात गेलो की मला कुणी इचारीतच न्हाय. आडत्या अन् यापारी रुमालाखाली एकमेकाची बोटं धरून भाव ठरवत्यात, अन् म्या आपला शेजारी बैलावानी उभा. आरं, माल माझा, अन् बोटं त्यांचीच? एक डाव माझं बी बोट त्या रुमालात घाला की!"

उठलेल्या बायका परत बसल्या. लोक हसत होते, मांडीवर थापा मारत होते. माझ्या चार पानांत जे होतं तेच त्यानं सांगितलं होतं. भाव कोण ठरवतो, एवढंच. मला ते चार पानांत जमलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "मेंढरंवाले भावजी लई झ्याक बोलले."

दोन भाकरी झाल्यावर ती म्हणाली, "तुमचं बी चांगलं व्हतं. जरा लांबलं."

पुढं आसपासच्या गावांतून त्याला बोलावणी यायला लागली. मी बरोबर असायचोच. सभेच्या आदल्या दिवशी तो माझ्या ओसरीवर येऊन बसायचा. हातातल्या चातीवर लोकर कातत म्हणायचा, "काय लिवलंस ते सांग." मी वाचायचो. सगळं ऐकून तो त्यातली एखादीच गोष्ट उचलायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच्या तोंडून निघाली की सभा डोलायची. परतताना बैलगाडीत तो सगळ्यांना सांगायचा, "म्या कुठला बोलतोय? ह्याचंच हाय ते." तो हे मनापासून म्हणायचा. मला त्याचा सगळ्यात जास्त राग तेव्हा यायचा. तो लबाड असता, माझं चोरून स्वतःचं म्हणत असता, तर मी चारचौघांत भांडलो असतो. त्याच्या मोठेपणाशी भांडायला मला जागाच नव्हती.

त्या वर्षी आमच्या भागातल्या बऱ्याच गावांनी ठरवलं की रब्बीची ज्वारी मोंढ्यात न्यायची नाही. भाव चढेपर्यंत एकही गाडी गावाबाहेर जाणार नाही. अडचण एकच होती. पोती घरात दिसत राहिली की माणसाचं मन कच्चं होतं, आणि व्यापाऱ्याचा टेंपो तर दारात येऊन उभाच असतो. तेव्हा मी पेवांची कल्पना काढली. गावामागच्या मुरमाच्या टेकाडात माझ्या आजोबांच्या काळची सात पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, रांजण पुरावा तसं. तोंड लहान, पोट मोठं. आत कडबा आणि राख अंथरून दाणा भरायचा आणि तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं. ती कित्येक वर्षं रिकामी पडली होती. दाणा नजरेआड जमिनीत गेला की विकायचा मोह होणार नाही, असं मी सभेत मांडलं. त्या सबंध आंदोलनात फक्त माझी अशी ही एकच गोष्ट होती. त्या दिवशी लोकांनी टाळ्या मला दिल्या.

वरची सहा पेवं घराघरांनी मिळून वाटून घेतली. सातवं सगळ्यात लहान आणि सगळ्यात खाली, ओढ्याकडच्या उताराला होतं. ते कुणी घेईना.

"द्या ते मला," तो म्हणाला. "माझी जवारी ती केवढी. ह्याच्यात मावंल."

"कोरडं खडखडीत आहे," मी सगळ्यांना सांगितलं. "आजोबांच्या टायमाला चार-चार वर्षं दाणा राहायचा."

मग देवळात प्रत्येकानं बेलाचं पान आणि भंडारा तळहातावर घेऊन शपथ घेतली. आपलं पेव कुणी एकट्यानं उघडायचं नाही. उघडायची ती सगळी एका दिवशी, सगळ्या गावासमोर.

मी सांगितलं ते आजोबांच्या काळापुरतं खरं होतं. पण मधल्या मोठ्या दुष्काळात गावानं सरकारी कामावर खडी फोडून टेकाडाच्या पलीकडं पाझर तलाव बांधला होता. पाझर तलावाचं कामच मुळी जमिनीत पाणी मुरवायचं. तो आम्हीच बांधलेला, रोज डोळ्यांसमोर दिसणारा. तरी पेवं भरताना एकालाही तो आठवला नाही. ज्याची कल्पना होती, त्याला तर आठवायलाच हवा होता.

पेवं लिंपून दीड-दोन महिने झाले असतील. बाजाराचा दिवस होता. सगळं गाव लोहाऱ्याला गेलेलं. माझी सायकल वाटेत पंक्चर झाली म्हणून मी ती हातानं ओढत आडवाटेनं, टेकाडाकडून परत आलो. खालच्या पेवाचं तोंड उघडं होतं. वर त्याची बायको दोरीनं पाटी ओढून घेत होती. तोंडाला ओलं फडकं बांधून तो आतून वर आला. वास मला लांबूनच आला होता, गोठ्यात पेंड कुजल्यावर येतो तसा.

त्यानं मूठ उघडून दाखवली. दाणा काळा पडला होता, गठ्ठे झाले होते, त्यातून पांढरे कोंब निघाले होते.

"मेंढरं हितं येऊन हुंगत उभी ऱ्हायाला लागली, तवा शंका आली," तो म्हणाला. "तळातून पाणी हाय. तलावाचं."

"देवाशप्पत, म्या तलावाचा इचारच केला न्हाय," मी म्हणालो.

"म्या तरी कुठं केला? खडी तर दोघांनी बी फोडली."

त्याची बायको पाटी उपडी करत म्हणाली, "वर्साचं खाणं मातीत गेलं, अन् ह्ये दोघं तलावाच्या गप्पा हाणत्यात."

त्यानं मला बाजूला घेतलं. "वरच्या पेवांस्नी काय हुत न्हाय. तिथं खाली खडक हाय. पर ही बातमी फुटली तर लोक खडक बघत बसायचे न्हाईत. उद्या सकाळी सातीच्या साती पेवं उघडत्याल, अन् दुपारपातुर सगळ्या गाड्या मोंढ्यात. ह्या गावानं सोडलं की बाकीची गावं बी सोडत्यात. भाव येऊस्तवर तू गप, म्या गप."

"म्या कशाला सांगू," मी म्हणालो.

सडलेली ज्वारी त्या दोघांनी ओढ्याच्या घळीत टाकून वर माती ओढली. रिकाम्या पेवावर फरशी ठेवून तोंड पुन्हा लिंपलं. मी सायकल ओढत घरी आलो. मला त्याच्याबद्दल वाईट वाटत होतं. हे खरं आहे, आणि पुढचंही खरं आहे.

चारच दिवसांनी जिल्ह्याहून आंदोलनाची पुढारी मंडळी आली. आता निवडणुका लढवायच्या असं वर ठरलं होतं. आमच्या गणातून पंचायत समितीला कोण उभा राहणार ते त्यांना पक्कं करायचं होतं. मी इस्त्रीचा सदरा घालून रजिस्टर घेऊन पुढं बसलो होतो. त्यांच्यातले प्रमुख गृहस्थ जीपमधून उतरता उतरता म्हणाले, "तो मेंढरंवाला वक्ता कुठाय?" तो बांधावरून येईपर्यंत चहा झाला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "उमेदवार हाच. तुमचं अक्षर चांगलं आहे, त्याचा अर्ज तेवढा तुम्ही भरून द्या."

"देतो की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी देवळापुढच्या न्हाव्याकडे दाढीला बसलो. आजूबाजूला आणखी चौघं-पाचजण होते. न्हावी माझ्या गालाला साबण लावत असताना मी एकच वाक्य बोललो. "खालच्या पेवाचं लिंपण नवं कसं काय दिसतंय, कुणास ठाऊक."

न्हाव्याचा हात थांबला. बस, एवढंच. मी 'उघडलं' म्हणालो नाही, 'विकलं' म्हणालो नाही. दाढी करून घरी गेलो. पोळ्याला सजवलेल्या बैलासारखी माझी मान ताठ होती, हे मला आजही आठवतं.

दोन दिवसांनी त्याला देवळात बोलावलं. गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं विचारलं, "पेव उघडलंस का रं?"

"उघडलं."

"दाणा हाय का आत?"

"न्हाय."

"मग गेला कुठं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर उघडून बसलो होतो. गप राहायचं ठरलंय, ते मोडू नकोस, असंच ती नजर सांगते आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढं कित्येक वर्षं मी तीच समजूत धरून राहिलो. मी वचन पाळलं, असं स्वतःला सांगत आलो. इतकं सोयीचं वचन मी जन्मात दुसरं पाळलेलं नाही.

"ते सांगायचं न्हाय," तो म्हणाला.

मग गलका झाला. कुणी म्हणालं, भंडाऱ्याला पाय लावला. कुणी म्हणालं, मुरूम गावच्या व्यापाऱ्याला दिला असंल. मागून कुणीतरी 'पेवफोड्या' म्हणून ओरडलं आणि लोक हसले. ज्या लोकांना त्यानं इतक्या वेळा हसवलं होतं, तेच लोक. शाखेच्या रजिस्टरमधलं त्याचं नाव मी पट्टी लावून खोडलं.

त्या उन्हाळ्यात तो मेंढरं विकून बाजारातून खायला ज्वारी आणत होता. घरात दाणा नाही हे त्यावरून कुणालाही कळलं असतं. "दाखवायला आणतोय," लोक म्हणाले.

पेरणीच्या तोंडाला मोंढ्यातली आवक आटली आणि भाव चढला. फार नाही, पण चढला. हलगी लावून वरची सहा पेवं उघडली. दाणा मोत्यासारखा निघाला. तो म्हणाला होता तसंच, तिथं खडक होता. त्या दिवशी माझ्या वचनाची मुदत संपली होती. मी उठून पाच वाक्यं बोलायची होती. सगळं गाव समोर होतं, आनंदात होतं, त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं. आणि मी नेमका त्याच कारणानं बोललो नाही. अर्ज भरायची मुदत अजून संपली नव्हती.

उमेदवार मी झालो. प्रचारात एकदा मी त्याचं ते रुमालातल्या बोटांचं बोलून पाहिलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी निवडून आलो, पण माझ्या सभेत कुणी मांडीवर थाप मारली नाही. पाच वर्षं पंचायत समितीवर होतो. एका शाळेच्या कोनशिलेवर माझं नाव होतं, ती भूकंपात गेली. बांध एकच असल्यानं तो रोज दिसायचा. मी हात केला की तोही हात करायचा. सभेत मात्र तो पुन्हा कधी उभा राहिला नाही.

तरुण सदस्य येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो दारात बाजेवर बसला होता. अंगात स्वेटर, हातात तीच चाती.

"ये," तो म्हणाला. "यादी आली म्हणं तुझ्याकडं."

"ग्रामसभेत सगळं सांगणार हाय म्या," मी उभ्याउभ्याच म्हणालो. मग इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं, "तूच का सांगितलं न्हाईस रं कधी?"

"चोर तर म्हणतोच की म्या चोरी केली न्हाय. त्याचं कोण खरं धरतं? साक्षीला तू हुतास. म्हटलं, भाव आला की तू सांगशील."

"अन् मग?"

"मग सवय झाली वाट बघायची."

मला तिथंच थांबता आलं असतं. त्याच्या लेखी माझा गुन्हा एवढाच होता, की मी बोललो नाही. पण लिहायचं तर सगळं लिहायचं असं ठरवून मी निघालो होतो. मी त्याला न्हाव्याकडची गोष्ट सांगितली. नवं लिंपण माझ्याच तोंडून गावात गेलं, हे सांगितलं.

फिरती चाती थांबली. तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. आतून त्याची बायको दारात आली. तिनं ऐकलं होतं.

"च्या ठिवू का नगं, ते सांगा," ती त्याला म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

त्यानं चाती बाजेवर ठेवली. तेवढ्या वेळात मला परत जावंसं वाटलं.

"ठेव," तो शेवटी म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते मला म्हाईत नव्हतं."

चहा आम्ही तिघांनी घेतला.

ग्रामसभेला मी चार पानं लिहून नेली. सवय जात नाही. तो मागे भिंतीला टेकून बसला होता, मुलगा धरून घेऊन आला होता. मी वाचायला लागलो. पेवं, पाझर तलाव, बाजाराचा दिवस, काळा पडलेला दाणा, न्हाव्याकडचं वाक्य. दुसऱ्या पानाच्या शेवटी मी थांबलो. मग एक म्हातारा, त्या दिवशी देवळात असलेल्यांपैकी आता उरलेल्या दोघांतला, मोठ्यानं म्हणाला, "म्हंजी आमी सगळ्यांनी त्याला उगंच..." आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

सगळे मागे वळून भिंतीला टेकलेल्या त्याच्याकडे बघायला लागले. सरपंच बाई उठून त्याच्याजवळ गेल्या. "आबा, तुमचं नाव सगळ्यात वर घालतो. तुम्ही दोन शब्द बोला."

"म्या काय बोलू?" तो म्हणाला. मुलानं त्याला उभं केलं. त्यानं भिंतीला हात लावला आणि सभेवरून एकदा नजर फिरवली, पूर्वी फिरवायचा तशीच.

"नाव घाला, न्हाय तर नका घालू. पर भितीवर एवढं लिवा, खालच्या पेवात पाणी येतं. पुढं कुणाला आंदोलन करायचं आसंल, तर त्याला उपेगी पडंल."

सगळं सभागृह हसलं. म्हातारे, तरुण पोरं, बायका, आणि त्याचा मुलगा सगळ्यात मोठ्यानं. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. ज्यानं माझ्या घरी येऊन तो शब्द उच्चारला होता, तो तरुण सदस्य जाऊन त्याच्या पाया पडला.

मी माझी दोन न वाचलेली पानं हातात धरून पुढं उभा होतो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच वेळी मनात आलं ते लपवलं तर हे सगळं लिहिण्याला अर्थ नाही. मनात आलं, चाळीस वर्षं पेवावर विचार केला मी, आणि हे वाक्य सुचलं ते याला.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. नावं कोणत्या क्रमानं घ्यायची ते विचारायला सरपंच बाईंनी त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. मी यादी नव्यानं लिहिली. त्याचं नाव पहिलं, आणि माझं शेवटी. मग शेवटचं नावही लोक आधी वाचतात, असं वाटून मी ते खोडलं आणि मधे कुठंतरी टाकलं. पट्टी न लावता.